आई थिअरीला बसली

आमच्या घरात कराटे आलं ते तात्यांच्या एका अटीमुळं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. चौसाळ्यात आणि आजूबाजूच्या गावांत त्यांच्या शब्दाला वजन होतं. सकाळपासून ओसरीवर माणसं बसलेली असायची, कुणाची विजेची डीपी जळालेली, कुणाच्या बांधाचं भांडण, कुणाला पोराच्या दाखल्यावर सही पाहिजे. आत चुलीवर चहाचं पातेलं उतरायचंच नाही. हायवेवरून ट्रक गेले की फळीवरच्या कपबशा बारीक किणकिणायच्या. मी तेव्हा नववीत होते. शाळेच्या मैदानावर बीडहून कुणी सर येऊन कराटे शिकवणार, मुलींनाही घेणार, असं हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं आणि मी घरी येऊन दप्तर टाकायच्या आधी जाहीर केलं की मी जाणार. तात्यांनी एकदम नाही म्हटलं नाही. चार लोकांत बसणारा माणूस, त्यांना नकार देण्याच्या पद्धती ठाऊक होत्या. ते म्हणाले, "जा की. पण पोरगी एकटी जाणार न्हाई. घरातलं एक मोठं माणूस रोज संगं पाहिजे." त्यांना पक्कं माहीत होतं की सुगीच्या दिवसांत संध्याकाळी आमच्या घरात मोकळं माणूस सापडणार नाही. आतून आई म्हणाली, "मी जाते." तिनं ते कुणाला विचारल्यासारखं म्हटलं नव्हतं.

आईचं नाव सुमन. तेव्हा ती बत्तीस-तेहतीस वर्षांची असेल. आज हे लिहिताना माझी पन्नाशी उलटून गेलीय, म्हणजे त्या वेळची आई माझ्या आत्ताच्या थोरल्या मुलीपेक्षा जरा मोठी, एवढंच. पण तेव्हा मला ती फार मोठी बाई वाटायची. सुरुवातीला ती मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसायची. येताना सुपात हरभऱ्याची डाळ किंवा निवडायची मेथी घेऊन यायची, म्हणजे घरी कुणी विचारलं तर वेळ वाया गेला असं होऊ नये. आमचे मोईन सर अगदी तरुण होते, राजदूत गाडीवर बीडहून यायचे, अंगानं काटकुळे आणि आवाज मात्र असा की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडायची. आठेक दिवस त्यांनी आईला बघितलं आणि मग अदबीनं जवळ जाऊन म्हणाले, "ताई, मैदानात बघे चालत न्हाईत. मुलं लाजतात. एक तर फाटकाबाहेर बसा, न्हाई तर रांगेत या." फाटकाबाहेर बसणं म्हणजे तात्यांची अट मोडणं. आईनं सूप लिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पोरं फिदीफिदी हसली. सरांनी हसणाऱ्यांना मैदानाला चकरा मारायला लावल्या आणि त्यानंतर कुणी हसलं नाही. निदान तोंडावर तरी नाही.

साडीत लाथ उचलता येईना तेव्हा आईनं आधी दादांचा जुना पायजमा घातला. दादा म्हणजे माझे वडील. तेही जमेना तेव्हा मांजरपाटाचा पांढरा ड्रेस शिवायचं ठरलं. गावातल्या टेलरनं माझं माप घेतलं, आणि "हे दुसरं कुणाचं?" असं विचारल्यावर आईनं स्वतःकडं बोट दाखवलं, तर तो टेप गळ्यात घालून नुसता बघत राहिला. खरी अडचण घरी आली. मोठीआई, म्हणजे तात्यांची बायको, ड्रेस बघून म्हणाली, "सुमन, सवाशिणीनं नखशिखांत पांढरं घालावं का गं? दादा धडधाकट हाय न्हवं का?" ती रागानं बोलत नव्हती, तिला खरंच भीती वाटली होती. आईनं तिच्याच करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि कॉलरच्या आतल्या बाजूला एक टिकली ओढली. म्हणाली, "आता झालं का?" मोठीआईनं जरा विचार केला आणि झालं म्हणाली. पुढं दर धुण्यानंतर मोठीआई आठवणीनं स्वतःच ती टिकली लावायची. आईचा ड्रेस शाळेच्या एका वर्गात खुंटीवर असायचा. ती साडीत जायची, तिथं बदलायची आणि परत साडीत घरी यायची. रस्त्यात भेटणाऱ्या बायकांना वाटायचं, ही रोज पोरीच्या अभ्यासासाठी शाळेत जाते.

दिवाळी झाली आणि सरांनी सांगितलं की अंबाजोगाईला बेल्टची परीक्षा आहे. पांढऱ्या पट्ट्यावरून पिवळ्यावर जायचं. ठोसे, लाथा, काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची ती मालिका, हे सगळं करून दाखवायचंच, पण त्याआधी थिअरी. परीक्षक समोर बसवून तोंडी विचारणार, आणि थिअरीत जो नापास तो नापास, मग त्याची लाथ कितीही उंच जाऊ दे. सरांनी सगळं सांगून लिहून दिलं. जपानी आकडे, उभं राहायच्या पद्धतींची नावं, जोदान म्हणजे डोक्याचा भाग, चुदान म्हणजे छाती-पोट, गेदान म्हणजे कमरेखाली. वार अडवणं म्हणजे उके. सरावाची जागा दोजो. कराटे या शब्दाचा अर्थ. नमस्कार का करायचा. मला हे सगळं खेळासारखं वाटलं. शाळेत माझा नंबर पहिल्या दुसऱ्याच्या खाली जात नव्हता, पाठांतर म्हणजे हातचा मळ.  आई मात्र त्या रात्री भाकरी थापताना एकदम म्हणाली, "मंगे, परीक्षेत आडवं-तिडवं इचारतेत का?"

आईनं शेवटची परीक्षा नववीत दिली होती. दहावीचं वर्ष तिनं पूर्ण केलं होतं, पुस्तकांना खाकी कव्हरं घातली होती, आणि परीक्षेच्या तोंडावर सोयरीक जमली. लग्न लवकर उरकायचं होतं, कारण तिच्या आजोबांची तब्येत बरी नव्हती. पेपर सुरू झाले त्या आठवड्यात ती आमच्या घरी नवी नवरी म्हणून पाणी भरत होती. हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. मामानं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, आणि तेही अशा सुरात की बघ, तुझी आई हुशार होती पण नशीब. त्यामुळं तिच्या त्या प्रश्नाला मी हसले नाही. म्हटलं, "इचारतेत. पण मी हाय ना, मी तुला घोकून घेते."

मग आमचं स्वयंपाकघर म्हणजे वर्ग झालं. आईनं जुन्या कॅलेंडरच्या पानांमागं मोठ्या अक्षरात शब्द लिहिले आणि कणकेच्या खळीनं चुलीमागच्या भिंतीवर चिकटवले. धुरानं आणि फोडणीच्या वाफेनं ती पानं पिवळी पडली. ज्वारीचं पीठ मळताना एकेक गोळा ठेवत ती म्हणायची, "इच, नी, सान, शी, गो, रोक," आणि सातव्याला अडकायची. सात म्हणजे सीच. तो तिच्या जिभेवर बसतच नव्हता. मी शेंगदाण्याची चटणी कुटायला बसले की माझ्या मुसळाच्या ठोक्यावर ती पुन्हा सुरुवात करायची आणि पुन्हा रोकनंतर हाचवर उडी मारायची. मोठीआई परातीपलीकडून म्हणायची, "सातवा खाल्लास." तिला आकडे येत नव्हते, पण किती गोळे व्हायला पाहिजेत ते कळत होतं. ओसरीवर बसलेल्या एका माणसानं एकदा तात्यांना विचारलं, "घरात कुणी मद्राशी पाव्हणे आलेत का?" तात्या आत येऊन म्हणाले, "जरा हळू शिकवा पोरीला." त्यांच्या डोक्यात अजूनही परीक्षा माझीच होती.

आम्हा दोघींना सर्वांत जास्त उपयोग झाला तो दादांचा. दादा बोलायला फार कमी. शेतात बैलांशी जेवढं बोलतील तेवढं माणसांशी नाही. पण जेवणाआधी ते भिंतीला टेकून परीक्षक होऊन बसायचे. माझा कागद हातात धरायचे, चष्मा नाकावर, आणि आवाज मुद्दाम जाड करायचे. "गेंदन बाराई कशाला म्हणतेत?" आई म्हणायची, "गेंदन न्हाई हो, गेदान. गेदान बराई." "तेच ते. कशाला म्हणतेत?" मग आई हात खाली झटकून दाखवायची की कमरेखाली आलेला वार असा बाजूला लोटायचा. दादा म्हणायचे, "करून दावू नका. तोंडानं सांगा. थिअरी हाय." आई डोळे मिटून शब्द जुळवायची. कधी तिचं चुकायचं आणि ती पदरानं तोंड झाकून हसायची, कधी चिडून म्हणायची, "तुमालाच बसवते परीक्षेला." मला त्या संध्याकाळी अजून आठवतात त्या वासासकट. चुलीतल्या निखाऱ्यांवर भाजत टाकलेल्या मिरच्या, आणि आईच्या हाताला लागलेलं पीठ. आपल्या आईबापांना एकमेकांशी इतकं बोलताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. अर्धं बोलणं जपानीत का असेना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तात्यांना कळलं. सरांनी रस्त्यात भेटल्यावर "तुमच्या घरातून दोघी बसतायत, अभिमानाची गोष्ट आहे," असं भोळेपणानं सांगितलं होतं. तात्या ओसरीवर आले, माणसं वाटेला लावली आणि दादांना हाक मारली. आम्ही दाराआड उभ्या होतो. तात्या म्हणाले, "पोरीचं ठीक हाय. पण घरची सून चार गावच्या पोरांत लाथा मारत उभी ऱ्हाणार? मला लोकांत बसायचं असतंय. लोक कशापायी गप बसतील?" दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "तात्या, अट तुमचीच व्हती. मोठं माणूस संगं पाहिजे म्हणालात. मोठं माणूस गेलं. ते शिकलं. आता त्येला काय म्हणायचं, की शिकलं ते इसर?" त्याच्या आधी किंवा नंतर दादा तात्यांसमोर एवढं बोलल्याचं मला आठवत नाही. तात्या बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग उठून आत न बघता म्हणाले, "सकाळी पहिली एसटी लई गर्दीची असती. मांजरसुंब्यापर्यंत जीपनं मी सोडतो." त्यांनी आम्हाला उजाडायच्या आत निघायला लावलं. गावानं बघू नये म्हणून, की आम्हाला बसायला जागा मिळावी म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. मांजरसुंब्याच्या फाट्यावर त्यांनी स्वतः केजमार्गे जाणारी गाडी थांबवली आणि कंडक्टरला सांगितलं, "आमच्या घरची माणसं हायेत, नीट बसव."

अंबाजोगाईला एका कॉलेजच्या हॉलमध्ये परीक्षा होती. परळी, माजलगाव, गेवराई, कुठून कुठून पोरं आलेली. नव्या कापडाचा आणि घामाचा वास, आणि मधूनच एकदम शंभर गळ्यांतून निघालेली आरोळी. आईएवढ्या वयाचं तिथं कुणी नव्हतं. ती वर्गात साडी बदलून बाहेर आली तेव्हा सगळ्यांनी वळून बघितलं. तिनं माझा दंड धरला होता. कोपऱ्यात एका सतरंजीवर पांढऱ्या केसांचे परीक्षक बसले होते, संभाजीनगरहून आलेले. तेव्हा आम्ही औरंगाबाद म्हणायचो. एकेकाला बोलावून समोर बसवत होते. नावाच्या क्रमानं रांग होती. मंगल आधी, सुमन नंतर. रांगेत आई माझ्या मागं, आणि मला सारखं तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. "शी, गो, रोक, हाच..." मी मान वळवून सांगत होते, "सीच. आई, सीच." माझं सगळं लक्ष तिच्यात अडकलेलं. ती सात विसरली तर? सगळ्यांसमोर रडली तर? साडी बदलून तशीच निघून गेली तर?

माझं नाव पुकारलं आणि मी जाऊन बसले. परीक्षकांनी साधा प्रश्न विचारला, दोजो म्हणजे काय. मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. म्हणजे शब्द ओळखीचा होता, चुलीमागच्या भिंतीवरचं ते पान डोळ्यांसमोर होतं, पण पानावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. त्यांनी थांबून दुसरा प्रश्न विचारला. मग तिसरा. ते चांगले होते, म्हणाले, "पाणी पी. घाई नाही." मी मागं वळून आईकडं बघितलं. ती मला ओठांनी काहीतरी सांगत होती, आणि परीक्षक म्हणाले, "तिकडं बघू नको, बाळ." त्यानंतर तर सगळंच गेलं. ज्या मुलीचा वर्गात हात सगळ्यांत आधी वर जायचा, ती मी, गुडघ्यांवर हात ठेवून सतरंजीची नक्षी बघत बसले, आणि शेवटी त्यांनी हलकेच मला जायला सांगितलं.

लगेच आई बसली. मी भिंतीला टेकून उभी होते, तिचं सगळं ऐकू येत होतं. कराटे म्हणजे काय, यावर ती म्हणाली, "रिकामा हात."  आकडे म्हणताना तिनं सात खाल्ला. परीक्षक म्हणाले, "पुन्हा म्हणा." तिनं पुन्हा खाल्ला. मग तिनं डोळे मिटले, मांडीवर बोटांनी एकेक भाकरी टाकल्यासारखं केलं, आणि सीच म्हणाली. जोदान, चुदान, गेदान बरोबर सांगितलं. एका उभं राहण्याच्या पद्धतीचं नाव तिला आलं नाही. ती सरळ म्हणाली, "ते येत न्हाई मला. चुकीचं सांगत न्हाई." परीक्षकांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी टिपलं. ती इतक्या घाईनं वाकून नमस्कार करून उठली की तिचा तोल गेला आणि शेजारच्या परळीच्या पोरानं तिला सावरलं. बाकीच्या हालचाली आम्ही दोघींनी केल्या. माझ्या जरा जास्तच चांगल्या झाल्या, कारण मला रडू आवरायचं होतं.

दुपारी निकाल वाचला. सुमन पास. माझं नाव आलं नाही. मोईन सर जवळ येऊन म्हणाले, "फक्त थिअरी, मंगल. उन्हाळ्यात पुन्हा होईल. तुझा काता सगळ्यात चांगला होता, मोठे परीक्षक सर म्हणाले." आईला पुढं बोलावून पिवळा पट्टा दिला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला आणि प्रसादासारखा कपाळाला लावला. माझी खात्री होती की आता ती परत येऊन म्हणेल, माझ्या लेकीला मिळाला नाही तर मला नको. आमच्या घरात ती तशीच होती. दुधावरची साय, शेवटची पुरणपोळी, नवी साडी, सगळं दुसऱ्या कुणाला तरी. पण ती आली आणि पट्टा घडी करून पिशवीत ठेवला, तोही वरच, धपाट्यांच्या फडक्यावर.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. आईनं धपाटा पुढं केला, मी घेतला नाही. केजच्या पुढं गेल्यावर मी म्हणाले, "तू नको म्हणायला पाहिजे व्हतं." तिला लगेच कळलं नाही. "काय नको?" मी म्हटलं, "पट्टा. मला न्हाई मिळाला. तुझ्याकडं बघूनच मी गडबडले, तुझ्यामुळंच माझं गेलं." तिनं हातातला धपाटा मांडीवरच्या फडक्यावर ठेवला. मला वाटलं आता ती रडणार किंवा मला जवळ घेणार. तिनं दोन्ही केलं नाही. शांतपणे म्हणाली, "तुझं गेलं त्येचं मला लई वाईट वाटतंय. तू म्हणशील तर रात्रंदिवस तुला घोकून घेते. पण हा पट्टा माझा हाय. ह्यो मी कुणाला द्यायची न्हाई." आणि मग जरा थांबून, "तुलाबी न्हाई." तिनं तो धपाटा अर्धा मोडून स्वतः खाल्ला. मी उरलेला अर्धा घेतला, कारण भूक लागली होती, आणि कारण माझ्या आईला एखादी गोष्ट 'माझी' म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं होतं. राग होता तसाच होता. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं, त्याला नाव द्यायला मला पुढं पुष्कळ वर्षं लागली.

घरी मोठीआईनं आईला ओवाळलं. दादांनी पट्टा हातात घेऊन त्याची जाडी बघितली, जसं बैलाचं नवं दावं बघावं, आणि चांगला आहे म्हणाले. मला त्यांनी जवळ बसवून घेतलं. तात्यांनी त्या रात्री ओसरीवर बसलेल्या माणसांना काय सांगितलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी गावातून कळलं. ते म्हणाले होते, "आमच्या घरात पास झालंय एकजण," आणि कोण, ते विचारल्यावर विषय बदलला होता.

सोमवारी क्लासला गेलो. सरांनी सांगितलं, आजपासून रांगा पट्ट्याप्रमाणे. पिवळे पुढं, पांढरे मागं. इतके दिवस आई माझ्या बाजूला उभी राहायची. आता ती पुढं आणि मी बरोबर तिच्या मागं. तिची पाठ अशी डोळ्यांसमोर मी कधी बघितली नव्हती. ताठ उभी होती, अंबाड्याच्या पिना नीट खोचलेल्या, टाचा भेगाळलेल्या. ठोसे सुरू झाले आणि थोड्या वेळानं तिच्या पट्ट्याची गाठ सैल होऊन सुटली. सरांनी शिकवलं होतं की कपडे नीट करायचे असतील तर सरांकडं पाठ करायची, ते आदराचं असतं. म्हणून आई वळली, आणि आम्ही समोरासमोर आलो. ती खाली बघून गाठ बांधत होती, आणि गाठ जमली तेव्हा तिनं वर बघितलं. मी तिच्याकडंच बघत होते. ती दबक्या आवाजात म्हणाली, "माझ्याकडं काय बघायलीस? पुढं बघ."

आणि वळून उभी राहिली. मी पुढं बघितलं. पुढं तीच होती.